उतारावर मागची ट्रॉली का झुलली? एका ऊस-ट्रॅक्टरचं प्रकरण

शाहूवाडी तालुक्यातल्या डोंगरकडेच्या एका गावातून ऊस भरून ट्रॅक्टर निघाला होता. मागे दोन ट्रॉल्या, रात्री साडेआठचा सुमार. गावाच्या खाली साधारण सातशे मीटरचा उतार आहे आणि उताराच्या मध्यावर एक उजवं वळण. वळण येण्याआधीच मागची ट्रॉली डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला आणि मागची ट्रॉली सुटून उसासकट डावीकडच्या शेतात उलटली. ड्रायव्हरच्या खांद्याचं हाड मोडलं. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून एवढ्यावर निभावलं.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवतो. ट्रॅक्टरमालकांचा मुलगा माझा विद्यार्थी. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं ते ट्रॅक्टर दुरुस्त होईल का हे बघायला. मला मात्र ट्रॅक्टरपेक्षा रस्ता आधी बघायचा होता. गळीत हंगामात असे अपघात दरवर्षी होतात आणि प्रत्येक वेळी चावडीवर निकाल एकच लागतो: ‘ड्रायव्हरनं जोरात घेतली.’ हे उत्तर मला कधी पुरेसं वाटलं नाही. त्याच उतारावर, त्याच वेगाने शेकडो खेपा सुखरूप उतरतात. मग याच खेपेला काय झालं?

डांबरावर काळा पट्टा होता, पण एकच. ट्रॅक्टरच्या उजव्या मागच्या चाकाचा. सुमारे पंधरा पावलं सरळ आणि मग उजवीकडे वळत गेलेला. डाव्या चाकाची काहीच खूण नव्हती. ट्रॅक्टरजवळ जाऊन ब्रेकची पेडलं पाहिली, तर दोन्ही पेडलांना जोडणारी कडी उघडी होती. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचा ब्रेक स्वतंत्र असतो. शेतात, सरीच्या टोकाला जागच्या जागी वळायचं असतं तेव्हा एकच पेडल दाबतात, चाक अडतं आणि ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. रस्त्यावर आलं की दोन्ही पेडलं कडीने एकत्र करायची असतात. भरलेल्या ट्रॉल्या उसाच्या फडातून बाहेर काढताना कडी उघडली गेली ती तशीच राहिली. उतारावर घाईत पाय पडला तो फक्त बाहेरच्या पेडलवर. उजवं चाक अडलं, डावं फिरत राहिलं, मागून दोन ट्रॉल्यांनी ढकललं. ट्रॅक्टर आडवा होणारच होता.

दवाखान्यात ड्रायव्हर भेटला. तो म्हणाला, “काय सांगू सर, वर न्यूट्रल केलता. चाळीसभर स्पीड असंल. मागची ट्रॉली हलाय लागली म्हणून स्टेरिंग उलट्या बाजूला वडलं, तर ती आनखीच हलाय लागली. मग ब्रेक मारला, आन् म्होरनं ट्रॅक्टरच फिरला.”

या चार वाक्यांत अपघाताचा उत्तरार्ध सगळा आहे. पूर्वार्ध त्यात नाही, कारण तो ड्रायव्हरच्या पाठीमागे घडला होता. ट्रॉली मुळात हलायला का लागली?

मागच्या ट्रॉलीचा दांडा पुढच्या ट्रॉलीच्या हुकात जिथे अडकतो, तिथलं भोक गोल राहिलं नव्हतं, झिजून लांबट झालं होतं. माझी करंगळी आत जाऊन हलेल एवढी ढिलाई. त्यात मूळ पिन नव्हती, बांधकामाच्या सळईचा तुकडा होता, खाली क्लिपही नाही. ट्रॉली उलटताना ही सळई तुटली. गावातले काहीजण म्हणाले, बरं झालं तुटली, नाहीतर पुढची ट्रॉलीपण गेली असती. मला हे पटत नाही. या वेळी शेत होतं. पन्नास मीटर खाली घरं आहेत आणि अकरा टनांची सुटलेली ट्रॉली कुणाच्या अंगणात थांबेल हे कुणाच्याही हातात नसतं. चांगली पिन, तिला क्लिप आणि शिवाय दोन्ही ट्रॉल्यांमध्ये साखळी, एवढं हवंच.

मागच्या ट्रॉलीच्या उजव्या टायरमध्ये ९० पौंड हवा होती, डाव्यात ६० च्या आसपास, आणि डावा टायर झिजल्यावर नवं रबर चढवलेला. डांबरावरच्या खड्ड्यातून जाताना अशी ट्रॉली एका बाजूला जास्त दबते. हेलकाव्याला पहिला धक्का बहुधा इथून मिळाला. पण धक्का प्रत्येक ट्रॉलीला मिळतो. खड्डा, वारा, बाजूने गेलेला ट्रक, स्टेरिंगची किंचित हालचाल. बरोबर भरलेल्या ट्रॉलीचा हेलकावा एक-दोन झोक्यांत आपोआप जिरतो. इथे तो वाढत गेला, म्हणून खरा प्रश्न भरणीचा होता.

मालकांना गावात सगळे आबा म्हणतात. त्यांच्याकडे अशाच बांधणीच्या ट्रॉल्यांची दुसरी जोडी आहे. मी त्यांना म्हटलं, “आबा, त्याच ऊसतोड टोळीला त्याच पद्धतीनं दुसऱ्या ट्रॉल्या भरू द्या. काही सांगू नका. आणि कारखान्याला पाठवायच्या आधी त्या माझ्याकडं काट्यावर आणा.” गाव सोडून सपाटीवर एक खाजगी वजनकाटा आहे, तिथे त्या आणल्या. उतार मात्र मागची ट्रॉली सोडून, एकेक करून उतरवला.

भरणी पुढे झालीय की शेपटाकडे, हे ट्रॉली हुकावर किती वजन टाकते त्यावरून कळतं, आणि ते मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. आधी एकटा ट्रॅक्टर ड्रायव्हरसकट काट्यावर उभा केला: २,६५० किलो. मग पुढची भरलेली ट्रॉली जोडून, पण फक्त ट्रॅक्टरची चार चाकं काट्यावर आणि ट्रॉलीची चाकं बाहेर, असं उभं केलं: ३,०८० किलो. जास्तीचे ४३० किलो म्हणजे ट्रॉलीने ट्रॅक्टरच्या हुकावर टाकलेलं वजन. काट्याच्या अलीकडची जमीन काट्याच्याच पातळीत हवी, नाहीतर आकडा फसवतो. ही ट्रॉली उसासकट सुमारे ११ टनांची होती, त्यामुळे हुकावर आलं ते जेमतेम ४ टक्के.

मग मागची ट्रॉलीही जोडली आणि ट्रॅक्टर पुन्हा तसाच काट्यावर घेतला. आबांना वाटलं, आकडा वाढेल. काट्यावर आलं २,८९० किलो. हुकावरचं वजन ४३० वरून २४० वर उतरलं होतं.

आबा दोनदा आकडा वाचून म्हणाले, “माल वाढला आन् वजन कमी?” या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. या ट्रॉल्या दोनचाकी आहेत, एकाच आक्सलच्या. मागच्या ट्रॉलीचा दांडा पुढच्या ट्रॉलीच्या शेपटाशी, म्हणजे आक्सलच्या बऱ्याच मागे, खाली दाबतो. शेपूट दबलं की आक्सलवर तोलून पुढचा दांडा उचलला जातो. म्हणजे मागची ट्रॉली जोडताच पुढच्या ट्रॉलीची ट्रॅक्टरवरची पकड कमी होते, आणि हे एकेकट्या ट्रॉलीकडे कितीही बघितलं तरी दिसत नाही.

मोटारीमागे कॅराव्हॅन, म्हणजे राहायची चाकांवरची खोली, ओढणाऱ्या देशांत या वजनाचे ठोकताळे आहेत. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हुकावर हवेत असं सांगतात, ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्के. आपल्या जोडीत पुढच्या ट्रॉलीचं ते २ टक्क्यांच्या थोडंसंच वर होतं. आकडे देशोदेशी वेगळे असतील, पण नियम सगळीकडे एकच: वजनाचा मध्य आक्सलच्या पुढे हवा. तो मागे सरकत आक्सलजवळ आला की ट्रॉली आक्सलभोवती फिरायला मोकळी होते. शेपटाकडचं जड वजन एका बाजूला गेलं की दांडा ट्रॅक्टरचं बूड दुसऱ्या बाजूला ओढतो, टायर ते परत खेचतात, वजन पलीकडे जातं. एका ठरावीक वेगाच्या खाली हे झोके विरतात, त्या वेगाच्या वर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. भरणी जितकी शेपटाकडे, तितका हा धोक्याचा वेग खाली येतो. आणि दोन ट्रॉल्या असतील तर मागची नेहमी पुढचीपेक्षा जास्त झुलते. ड्रायव्हर स्टेरिंग उलटं ओढतो तेव्हा त्याची हालचाल अर्धा-एक सेकंद उशिरा पोहोचते, झोपाळा परत येताना त्याला मागून धक्का द्यावा तशी.

भरणी शेपटाकडे का झाली हे बघायला फडात गेलो. ट्रॉली बांधाला लागून उभी होती. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला उभा ऊस, म्हणून चढायची फळी मागून लावलेली. टोळीचे मुकादम बीड जिल्ह्यातले, वर्षानुवर्षं इकडे येणारे. ते म्हणाले, “सर, बाया डोक्यावर मोळी घेऊन फळी चढतेत. वर गेल्यावर पुढल्या टोकापर्यंत उसावरूनच चालत जावं लागतं, पाय सरकतो. दिवस मावळला की मंग कुणी पुढं जात नाही. जिथं चढल्या तिथंच मोळी टाकतेत.” मी स्वतः चढून बघितलं. ओल्या वाढ्यांवरून, म्हणजे उसाच्या शेंड्यांवरून, डोक्यावर वजन घेऊन, अंधारात पुढे जाणं खरंच पडण्याला आमंत्रण आहे. शेवटच्या सगळ्या मोळ्या मागच्या फाळक्यावर रचल्या जात होत्या आणि तिथून उसाची टोकं दोन फूट बाहेर लोंबत होती. तीच टोकं मागचे रिफ्लेक्टरही झाकत होती. टोळीला दोष देण्यासारखं यात काही नाही. ट्रॉली कुठे उभी करायची हे ती ठरवत नाही, आणि हुकावर किती वजन येतं हे आजवर कुणी तिला सांगितलेलं नाही.

आता उताराचा हिशेब. मोबाइलमधली पातळी आणि एक लांब फळी घेऊन चढ मोजला, तो शंभरात सहाच्या आसपास निघाला. सगळं मिळून २४ ते २५ टन वजन, म्हणजे उतार या गाडीला सुमारे दीड टनाच्या जोराने खाली ओढतो. टायर फिरताना लागणारा विरोध वजा केला तरी एक टनापेक्षा थोडं जास्त उरतं. थांबवायला काय आहे? ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. ट्रॅक्टरला ते फक्त मागच्या दोन चाकांना, आणि त्या चाकांवर वजन दोन टनांपेक्षा कमी. कोरड्या डांबरावर त्यांची पकड जास्तीत जास्त सव्वा ते दीड टन. म्हणजे दोन्ही ब्रेक पूर्ण लागले असते तरी गाडी फारतर त्याच वेगात धरता आली असती, थांबवता आली नसती. इथे एकच चाक धरलं होतं, म्हणजे पकड निम्मी. शिवाय चाक लॉक झालं की ते बाजूलाही घसरतं. हेलकावा चालू असताना जोरात ब्रेक मारणं म्हणजे मागच्या २२ टनांना पुढच्या अडीच टनांवर चढू देणं आहे. ड्रायव्हरने केलं ते कुणीही दचकून केलं असतं.

न्यूट्रलबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. डिझेल वाचतं या समजुतीवर आपल्याकडे सर्रास न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात. गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनला चाकंच फिरवत असतात, इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. वाचत काहीच नाही आणि इंजिनाचा ब्रेक, जो या गाडीचा सगळ्यात भरवशाचा ब्रेक आहे, तो जातो. उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावरच खालचा गिअर टाकायचा आणि तळाला पोहोचेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. मध्येच गिअर बदलायला गेलं आणि तो पडला नाही, तर गाडी आपोआप न्यूट्रलमध्येच असते.

दुरुस्तीचं म्हणाल तर हुकाचं भोक भरून पुन्हा बोअर केलं, दोन्ही जोडांना योग्य मापाच्या पिना, क्लिप आणि साखळ्या लावल्या. टायर जोडीने बदलले. पेडलांची कडी रस्त्यावर येताना लागलीच पाहिजे म्हणून ती लाल रंगवली, फडाच्या तोंडाशी टोळीतलं जे कुणी उभं असेल त्याने “कडी!” म्हणून ओरडायचं असं ठरलं, आणि टोळीतल्या पोरांनी हे काम फार मनावर घेतलं आहे.

भरणी बदलणं सगळ्यात अवघड गेलं. ट्रॉली आता बांधापासून दूर, जिथे बाजूने फळी लागते तिथे उभी करतात, आणि फळी पुढच्या कोपऱ्यात लावतात. पुढचा भाग आधी भरतो, शेवटच्या मोळ्या मागे गेल्या तरी त्या थोड्याच उरतात. मागच्या फाळक्याबाहेर एकही कांडं नाही. यात टोळीला मोळ्या फडातून थोड्या लांबवरून आणाव्या लागतात, म्हणून आबांनी खेपेमागे वेगळे पैसे देणं कबूल केलं. मी याचा आग्रह धरला होता. जास्तीची मेहनत टोळीच्या माथी मारून सुरक्षितता येत नाही, ती आठवड्यात गळून पडते.

भर ट्रॉलीमागे एक टनाने कमी केला. आबांचा जीव त्यात अडकला होता, कारण पैसे टनावर मिळतात आणि हंगामाआधी टोळीला दिलेली उचल त्यातूनच फिटायची असते. पण नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेल्या क्षमतेपेक्षा ते मुळातच जास्त भरत होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २० हजार रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. एक टन कमी करूनही ते पूर्ण नियमात आलेले नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.

नव्या भरणीनंतर पुन्हा काट्यावर गेलो. एकट्या पुढच्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर भरला ३,६८० किलो, म्हणजे हुकावर १,०३० किलो, ट्रॉलीच्या वजनाच्या दहा टक्के. मागची जोडल्यावर ३,२२०, म्हणजे हुकावर ५७०, आधीच्या दुपटीहून जास्त. हे वजन आणखी वाढवत नेणं मात्र चुकीचं. हुक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो, तिथे जास्त भार आला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेरिंग ऐकत नाही. फडातून बाहेर पडताना तोंड उचललेले ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी बघितले आहेत. म्हणून ट्रॅक्टरच्या पुस्तकात हुकावरच्या भाराची मर्यादा बघून, नाकाला लोखंडी वजनं लावूनच ट्रॅक्टर रस्त्यावर काढला.

खांदा बरा होऊन ड्रायव्हर परत आला तेव्हा त्याच्याबरोबर कारखान्याच्या सपाट रस्त्यावर, रिकाम्या ट्रॉल्या घेऊन बसलो. हेलकावा जाणवला तर काय करायचं ते हाताला बसायला हवं होतं: अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टेरिंग सरळ आणि घट्ट धरायचं, क्लच नाही, ब्रेक नाही. वेग आपोआप उतरू द्यायचा. झोके थांबले की मगच, जोडलेल्या पेडलांवर हलका हलका पाय. स्टेरिंग न हलवणं त्याला सगळ्यात कठीण वाटलं. “हात आपोआप जातोय सर,” तो म्हणत होता. जातोच. त्यासाठीच सराव.

तरीही त्या उताराचा हिशेब पुरता सुटलेला नाही. ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत तोवर वीस टन मागे घेऊन तिथे उतरणं मला मान्य नाही, भरणी कितीही चांगली असली तरी. म्हणून आबांनी माथ्यावर रस्त्याच्या कडेला, गायरानात ट्रॉली उभी करायची जागा ग्रामपंचायतीकडून मागून घेतली. मागची ट्रॉली तिथे सोडायची, चाकांना दगड नव्हे तर लाकडी पाचरी लावायच्या, पुढची खाली नेऊन ठेवायची, परत येऊन मागची आणायची आणि तळाला दोन्ही जोडायच्या. यात पाऊण तास जातो. कारखान्याच्या यार्डात नंबर मागे पडतो, म्हणून ड्रायव्हर कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर खोटी नाही.

पुढच्या हंगामासाठी मागच्या ट्रॉलीला ब्रेक बसवायला दिले आहेत. ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागली की दांडा आत दबतो आणि तोच दाब तिच्या चाकांचे ब्रेक लावतो, अशी रचना. ती एवढ्या वजनाला पुरते का हे आधी रिकाम्या, मग अर्ध्या, मग पूर्ण भरलेल्या ट्रॉलीवर सपाटीला तपासायचं ठरलं आहे. पुरली नाही तर हवेचे ब्रेक. तोपर्यंत त्या उतारावरून आबांच्या ट्रॉल्या एकेकच उतरतील.